छटा चुकली

कोळशाची कांडी. उंच स्टूल. डावीकडून येणारा दिव्याचा झोत. मॉडेल म्हणून बसलेल्या बाईच्या खांद्यावरून घसरलेली शाल आणि उघडा पडलेला डावा दंड. चित्रकलेच्या वर्गातले बारा कागद, आणि बाराही कागदांवर तो दंड कोरा.

तेराव्या कागदावर मात्र दंडावर चार लांबट, काळपट आकार होते, बोटांसारखे शेजारी शेजारी. दिसत सगळ्यांनाच होते. काढले एकाच मुलीने. सर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

“रेषा छान आहे. आकारही जमलेत. पण छटा साफ चुकली, बाईसाहेब! दिवा याच बाजूला आहे ना? मग इथे काळोख आला कुठून?”

“तेच विचारतेय, सर.”

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सरांनी खोडरबर उचललं आणि चारही आकार पुसून टाकले. “उजेडात उजेडच दाखवायचा. कळलं?”

मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ते आकार पुन्हा काढले, या वेळी इतके दाबून की कागद फाटायचाच बाकी राहिला.

स्टुलावरच्या बाईने शाल सावरली नाही. उलट दंड दिव्याकडे आणखी थोडा वळवला.

सकाळी वर्ग सुरू होताना सरांनी ओळख करून दिली होती: रोजची मॉडेल आजारी आहे, म्हणून आज ही बसेल, माझी बायको.