बोटाचा खड्डा

देश स्वतंत्र होऊन दहा वर्षं झाली, तरी रेवसच्या बाजारात राज्य मासळीवाल्या नीराबाईचंच होतं. हल्ली मात्र चार पावलं चालली की तिला धाप लागायची, ओठ निळे पडायचे. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढला असावा, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं, हे सांगून सांगून डॉक्टर बिवलकर थकले होते.

"मना काय धाड भरलीय?" एवढंच ती म्हणायची.

शेवटी एके सकाळी डॉक्टर तिच्या पाटीसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी एक पापलेट बोटाने दाबून पाहिलं. मांस लगेच वर आलं.

"ताजं हाय, डाक्तर," नीराबाई ऐटीत म्हणाली. "खड्डा राह्यला तर शिळं समजायचं."

"बरं. आता पाय पुढे करा."

त्यांनी तिचा सुजलेला घोटा दाबून बोट उचललं. खड्डा तसाच राहिला. शेजारच्या कोळणी पदर तोंडाला लावून हसू लागल्या. नीराबाई खड्ड्याकडे बघत राहिली, मग तिने पाटी शेजारणीकडे सरकवली.



"लाँच कवा सुटते, डाक्तर? पार नासायच्या आत माल मुंबईला पोचला पायजे."