शनिवारचं तेल

पुढच्या खोलीत तांब्या पडला आणि फरशीवर गडगडत भिंतीला जाऊन थांबला.

स्वयंपाकघरात रेश्माच्या हातात तेलाची बाटली होती. तळाशी बोटभर तेल उरलेलं. त्यातलं थोडं मारुतीच्या वाटीत, बाकीचं उद्याच्या फोडणीला, असं नजरेनं मापत ती धार सोडत होती. समोर सात वर्षांची राजेश्वरी दोन्ही हातांनी वाटी धरून उभी होती. दर शनिवारी मारुतीला तेल घालायचं आणि एकच मागणं मागायचं, "माझ्या पप्पांचा पाय बरा होऊ दे." कुंडलच्या वळणावर डंपरनं इंद्रजितला मोटारसायकलसकट उडवलं त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून पोरीनं एक शनिवार चुकवला नव्हता.

"मांजर शिरलं वाटतं," म्हणत रेश्मानं बाटली ठेवली आणि पुढं आली.

मांजर नव्हतं. दाराची चौकट धरून इंद्रजित उभा होता. वॉकर पार तिकडं, खाटेपाशी.

"चार," तो म्हणाला. धाप लागलेली, पण तोंडभर हसू. "खाटंपासनं हितवर चार पावलं. पाचवं बी टाकलं असतं, मधी तांब्या आला. आन् रेश्मा, तांब्या लागल्याला कळला गं मला! अंगठ्याला!"

त्यानं मोकळा हात पुढं केला. रेश्मा धावली, ती त्या हाताशेजारून. रस्त्याकडच्या दाराची कडी लावली, खिडकी ओढून घेतली आणि मगच वळून बघितलं. त्याचा हात तसाच पुढं होता.

"पप्पा चाललं!" राजेश्वरी ओरडली. "धोंडुआज्जी! आज्जी, पप्पा..." ती मागच्या दारानं शेजारच्या आज्जीकडं पळणार, तोच रेश्मानं तिला कमरेला धरून मागं ओढलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. दिवसभर पलूसच्या शेडवर बेदाणा निवडलेला हात. गोड, चिकट, गंधकाच्या धुरीचा वास असलेला.

"आवं, बसा आदी. कुणी बघितलं म्हंजी?"

"बघू देत की. चाललोय मी, चोरी केली व्हय?"

"वकील काय म्हणालं फोनवर? अठरा तारखेला सांगलीत डॉक्टर परत अपंगपणाचा टक्का काढणार हाय, त्याच्यावरच भरपाई ठरणार. विम्याचा माणूस परवा चहाच्या गाड्यावर तुमची चौकशी करून गेला. मोबाईल हातातच धरून बसलावता म्हणं."

"चार पावलांनी मला परत ट्रॅक्टर चालवाय येतोय व्हय गं? क्लच दाबायला ह्योच पाय लागतोय."

"फोटूत चार पावलं आन् चार कोस सारखंच दिसत्यात."

त्याची चौकटीवरची बोटं पांढरी पडली होती. तरी गडी चेष्टेवर आला. "दहावीला पस्तीस टक्के पडलं तर आबांनी चाबकानं हाणला मला. आता साठ पाडायचं म्हंजी लंगडायची शिकवणीच लावाय पायजे."

रेश्माला हसू आलं, पण ते मधेच मोडलं. तिचा हात गळ्याशी गेला. तिथं आता काळ्या मण्यांची पोत तेवढी होती; सोन्याचे मणी मिरजेच्या दवाखान्यात गेले, पाठोपाठ तिच्या भावाची म्हैस. घरमालक, किराणावाला, शाळेच्या बाई, सगळ्यांना ती दीड वर्ष एकच सांगत आली होती, "केसचा निकाल लागू द्या, मग देते." त्याच्यावर रोजची चूल पेटत होती.

"तुमी चाललासा, मला आनंद न्हाई व्हय?" ती अगदी हळू म्हणाली. "अठरा तारीख तेवढी जाऊ द्या. मग मी स्वतः हाताला धरून गावभर हिंडवते तुमास्नी."

"आन् तवर?"

"तवर..." तिनं खाली बघितलं. "तवर नका चालू."

इंद्रजितनं चौकट सोडली. तिच्या खांद्यावर भार टाकत खाटेपर्यंत गेला. परतीची पावलं कुणी मोजली नाहीत. बसल्यावर डावा पाय त्यानं दोन्ही हातांनी उचलून खाटेवर ठेवला, आणि पायथ्याची चादर त्याच्यावर ओढून चारी बाजूंनी नीट दाबून घेतली.

रेश्मा स्वयंपाकघरात आली. बाटली उचलून तिनं वाटीवर पालथी धरली. तळाला तळव्यानं थापट्या मारून मारून शेवटचा थेंबसुद्धा खाली उतरवला. उद्याची फोडणी वाटीत गेली.

"आता जा. सांडू नको," ती म्हणाली. "आन् पप्पा चाललं म्हणून कुणाला सांगायचं न्हाई. धोंडुआज्जीला बी न्हाई. कळलं?"

राजेश्वरीनं मान हलवली. ओठांना लागलेली बेदाण्याची गोडी चाटत, वाटीवर नजर ठेवून ती पावलापुढं पाऊल टाकत दारापर्यंत गेली. रेश्मानं कडी काढली.

पोरगी उंबऱ्यातच थांबली. एकदा खाटेवरच्या चादरीकडं बघितलं, एकदा आईकडं.

"आई, मग आज मारुतीला काय म्हणू? पाय बरा कर म्हणू, का आत्ताच नको म्हणू?"