मे महिन्यातली घोंगडी

“गरम पाण्याची पिशवी द्या, सिस्टरबाय. बघा कशी काकडता ती,” शेवंती म्हणाली आणि तिने सुनेच्या, मालनच्या अंगावरची घोंगडी गळ्यापर्यंत ओढली.

मे महिना होता. परळच्या त्या इस्पितळात बाकीच्या बायका पदराने वारा घेत होत्या. उर्मिला सिस्टरची टोपीसुद्धा घामाने भिजली होती. “पिशवी मिळायची नाही,” ती म्हणाली. “एकदम शेक दिला तर हिच्या काळजाला झेपणार नाही. ऊब आतूनच यायला हवी.”

“पंधरा दिस झाले, रोज तुमची गोळी खाता. खंय इली ऊब? शनवारची बोट पावसाआधीची शेवटची. हिचो भाव भिवा गावाक जाता. त्याच्यासोबत हिका धाडतंय.”

उर्मिलाला यातला धोका कळत होता. कोकणातल्या त्या गावात ही गोळी मिळणार नव्हती आणि पुढचे चार महिने बोट नव्हती. गोळीत खंड पडला तर मालन दसरा बघेल, याची खात्री डॉक्टरही देत नव्हते.

शेवंतीची लालबागच्या चाळीत खानावळ होती. पंचवीस गिरणीवाले जेवायला. मालन एकटी सगळ्या भाकऱ्या थापायची आणि थापता थापता सासूशी भांडायची. सासूने एक म्हटलं की ही दोन ऐकवायची. दोन वर्षांपूर्वी तिचा हात मंदावला. गिरणीचा भोंगा होऊन जाई आणि भाकरी अजून तव्यावरच असे. माणसं उपाशी पाळीवर जात. पुढे तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, आणि मग ती बोलेनाशीच झाली. चाळीने तिला आळशी ठरवलं. चाळीला ठरवायला कितीसा वेळ लागतो? शेवंतीने अंगारे लावले, देवाला गाऱ्हाणं घातलं. इस्पितळात आणलं तेव्हा डॉक्टरांनी मालनच्या गळ्यावर बोट ठेवलं. इथली ग्रंथी मंदावली आहे, म्हणाले. अंगातली शेगडी तीच पेटती ठेवते.

उर्मिला तिच्या कोरड्या कातडीला रोज खोबरेल चोळी. “थंडी वाजते का?” विचारून गप्प उभी राही. उत्तर यायला फार वेळ लागे. दुसऱ्या सिस्टर तेवढ्यात दोन खाटा उरकत. गुरुवारी उत्तर आलं, “होय.” शुक्रवारीही तेच.

शनिवारी सकाळी शेवंती गाठोडं घेऊन आली. मागे भिवा होता. खालून संयुक्त महाराष्ट्राची प्रभातफेरी चालली होती आणि घोषणांनी काचा हादरत होत्या. चालता येणाऱ्या बायका खिडकीशी धावल्या.

“चल गो,” शेवंती म्हणाली आणि सुनेला उठवून तिच्याभोवती घोंगडी लपेटू लागली.

मालनने तिचा हात धरला. तिचे ओठ हलले. उर्मिलाने शेवंतीला थांबण्याची खूण केली आणि नेहमीसारखी वाट पाहिली.

“ती घोंगडी काढा आधी,” मालन म्हणाली. आवाज घोगराच होता, पण खिडकीतल्या बायकांनी वळून पाहिलं. “उकडान जीव जाता माझो. मे महिन्यात कोण घोंगडी घालता? म्हाताऱ्या झालात, तरी अक्कल नाय?”

सगळ्यांनी शेवंतीकडे पाहिलं. पंचवीस गिरणीवाल्यांना एका नजरेने गप्प करणारी बाई होती ती. उर्मिलाला रडू फुटलं आणि तिने ते लपवलंही नाही.

“मावशे, बोट चुकात,” भिवा पुटपुटला.

“तू जा रे,” शेवंती म्हणाली. तिने घोंगडी काढून खाटेखाली टाकली आणि सुनेला पदराने वारा घालू लागली.

“दोन वर्सां माझ्याशी भांडूक कोण नाय गो घरात,” ती म्हणाली. “आणखी बोल.”