चौदा नंबरची रिकामी पुडी

चौदा नंबरच्या खाटेची सकाळची पुडी रुग्णालयातल्या, रक्त वाचून गोळ्या भरणाऱ्या मशीनमधून चक्क रिकामी पडली. वर नाव मात्र ठळक छापलेलं: दत्ताराम खानविलकर. फार्मासिस्ट वृषालीनं नियमाप्रमाणे ती परत आत सरकवली. खानविलकरांच्या दंडावरच्या पट्टीतून मशीननं त्यांचं रक्त पुन्हा वाचलं आणि पुन्हा रिकामीच पुडी दिली. तिसऱ्यांदाही तेच!

मग कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. लिफ्टची वाटही न बघता पुडी घेऊन ती जिन्यानं धावत सुटली.

खानविलकर पाण्याचा पेला धरून तयारच होते. "ताई, गोळी?"

"काका, आज तुमच्या रक्तानं गोळी मागितलीच नाही!" ती धापा टाकत म्हणाली.

त्यांनी पुडी उलटी करून झटकून पाहिली. मग नऊ वर्षांत पहिल्यांदाच ते सकाळी नुसतं पाणी प्यायले.