स्कॅनची चिठ्ठी

जंतू ठकीच्या मेंदूपर्यंत पोचलेत, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून बाप तिच्या खाटेपासून हलला नव्हता.

“मध्यंतरी डोक्यावर पडली होती का?” डॉक्टरांनी विचारलं. “कवटीला चीर गेली असेल, तर जंतू तिथूनच शिरतात. मग आत्ताच स्कॅन काढावा लागेल.”

“छे हो! डोळ्यांत तेल घालून जपते मी हिला,” आई फणकारली.

बाप ठकीचं पांघरूण उगाच सारखं करू लागला.

डॉक्टर ठकीकडे वळले. “तू सांग बाळा, पडली होतीस?”

ठकीने बापाकडे बघितलं आणि जोरात नकारार्थी मान हलवली.

डॉक्टरांनी लिहायला घेतलेली स्कॅनची चिठ्ठी बाजूला सारली.

तापाने फणफणलेल्या ठकीने बापाला खाली ओढलं आणि ती त्याच्या कानात कुजबुजली, “बाबा, झोक्यावरून पडले ते मी आईला अजूनसुद्धा नाही सांगितलं हं.”