धुडकूची जीभ

"उघडा तोंड. अजून!"

उषाबाईनं नवऱ्याची हनुवटी धरली आणि जिभेच्या कडेला तूप लावलं. धुडकू कळवळला. लालभडक कडांची ती जखम महिना उलटला तरी भरायला तयार नव्हती.

"जाईचा पाला चावून झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या. अख्ख्या लिंबायत वस्तीतल्या बाया औषधं सांगून गेल्या. पण गुण येईल कसा? तिकडे कापडाच्या लूमवर कामाला गेलात की तंबाखूचा बार भरताच ना!"

"नही वं," धुडकू बोबडं बोलला. "सोडी दिन्ही."

"सोडली म्हणे! मला शिकवता?"

तिनं त्याच्या शर्टाचे खिसे उलटे केले. तंबाखूचा कणही निघाला नाही, म्हणून ती आणखीच भडकली. शेजारच्या किसनचं असंच जिभेवरून सुरू झालं होतं. वर्षाच्या आत गेला बिचारा. ते आठवलं की तिच्या तोंडातून शिव्याच निघायच्या.

शेवटी तिनं ओट्यावर बसून घाईघाईनं दातांना मिश्री लावली, चूळ भरली आणि नवऱ्याला रिक्षात कोंबलं.

दातांच्या गुजराती डॉक्टरांनी टॉर्चचा उजेड पाडून जीभ इकडून तिकडून पाहिली. उषाबाईला धीर कुठला?

"कॅन्सर आहे का हो? स्पष्ट सांगा. जन्मभर ओरडत आले मी, या माणसानं ऐकलं असेल तर शपथ!"

"तसं वाटत नाही, बेन. दाढेचा टवका उडालाय, त्याचं टोक जिभेला घासतंय. ते गुळगुळीत करून देतो, जखम भरेल. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा."

उषाबाई मटकन स्टुलावर बसली. डोळ्यांत पाणी आलं आणि लगोलग नवऱ्याचा रागही आला.

"दाढ! महिनाभर माझा जीव टांगणीला, आणि निघालं काय, तर दाढ! अहो, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

आणि कपाळावर हात मारून ती खदखदा हसत सुटली. धुडकूही ओशाळून हसला. डॉक्टर मात्र हसले नाहीत; ते तिच्या उघड्या तोंडाकडे निरखून पाहत होते.

"बेन, तुम्ही तंबाखू घेता?"

"मी? छे, छे! आमच्या घरात बायांनी तंबाखू कधी तोंडात घातली नाही. दात घासायला मिश्री तेवढी लावते."

डॉक्टरांनी टॉर्च पुन्हा लावला.

"धुडकूभाई, तुम्ही जरा उठा. बेन, या खुर्चीत बसा. खालच्या ओठाच्या आत हा पांढरा चट्टा कधीपासून आहे?"