समुद्राचं काम

पलंग पुन्हा एकमेकांना चिकटले होते.

"समुद्र हलला असणार रात्री," तो छताकडे बघत म्हणाला.

"असेल," ती म्हणाली.

झोपताना दोघांनी आपापला पलंग आपापल्या भिंतीशी ओढून नेला होता. मध्ये एक माणूस आरामात चालेल एवढी वाट. पलंगांना चाकं होती, खाली जाड गालिचा होता, आवाज होत नव्हता. सकाळी आई यायच्या आत ते परत जोडून ठेवायचे, असं ठरलं होतं. आता जोडायचं कामच उरलं नव्हतं.

आई म्हणजे त्याची आई. टकटक करून ती चहाच्या कपासकट आत यायची आणि थेट गॅलरीत जाऊन बसायची. तिच्या आणि बाबांच्या खोलीला खिडकी नव्हती. गॅलरीची खोली या दोघांनाच मिळाली होती, कारण त्याच्या थोरल्या बहिणीने तसा हुकूम काढला होता. बोटीची ही सहल तिनेच ठरवलेली. घरात तिला सगळे कप्तान म्हणत. तिने आख्ख्या कुटुंबाला एकसारख्या पिवळ्या टोप्या घेतल्या होत्या, आणि भावाला आणि वहिनीला समुद्र. लग्न झाल्यापासून कुठे म्हणून गेला नाहीत, बसा आता बघत, असं ती म्हणाली होती.

ते बसले होते बघत. समुद्राकडे.

*

(मधली दुपार. हवा कोमट दुधासारखी. एक बेट येतं, डोक्यावर माडांची शेंडी उभी करून बाजूने सरकतं, जातं. पाण्यातून चंदेरी मासे उडतात आणि आपण उडालोच नाही असं दाखवत परत पाण्यात शिरतात. आरामखुर्च्यांवर पिवळ्या टोप्यांची रांग. बाबा कुरकुरतात, मळमळीच्या गोळ्यांचं पाकीट आणलं ते फुकट गेलं, हा कसला समुद्र, आपल्या बादलीतलं पाणी याच्यापेक्षा जास्त हलतं. आई म्हणते, मग बादलीत बसायचं होतं.)

*

पुन्हा सकाळ. पाण्याचा उजेड छतावर लाटा काढत होता, जणू खोलीच समुद्राच्या तळाशी होती.

पलंग जोडलेले.

"रात्री जोरात हलत होतं," तो म्हणाला.

"मला झोप लागली होती," ती म्हणाली.

वेगळं व्हायचं ठरलं होतं. भांडण झालं नव्हतं. तिसरं माणूसही नव्हतं. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायचा. ती लोकांच्या घरांचे नकाशे काढायची, काढून काढून तिची नजर मोजपट्टी झाली होती. संध्याकाळी घरी आल्यावर मात्र एकाला काही दिसायचं नाही आणि दुसरीला काही सुचायचं नाही. बोलणं आटत आटत किल्ली कुठे ठेवली, एवढ्यावर आलं होतं. सहल मोडायची नाही, आईचा आनंद घालवायचा नाही, शेवटच्या सकाळी नाश्त्याला सगळे जमले की सांगून टाकायचं, असं दोघांनी शांतपणे ठरवलं होतं. इतक्या शांतपणे, की नंतर दोघांनाही रडू आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी आम्हाला काही सांगायचंय, एवढं त्याने कप्तानच्या कानावर घातलं. कप्तानने भलताच अर्थ लावला. तेव्हापासून ती वहिनीला साधी पिशवीही उचलू देत नव्हती, आणि जिन्यावर आपला हात पुढे करत होती. स्वयंपाकघरात जाऊन तिने गुपचूप केकही सांगून ठेवला होता. ते कसलं गुपचूप. बाबांनी केक कुठला आहे ते सुनेलाच येऊन विचारलं.

*

(आणखी एक दुपार, की तीच? बोट पुढे जाते आहे की पाणी मागे, ते कळत नाही. तो कठड्याशी उभा आहे. ती थोड्या अंतरावर. वाऱ्याने तिची पिवळी टोपी उडते. ती बघत राहते. त्याने आपली टोपी काढलेली तिला दिसत नाही. ती टोपी तिच्या डोक्यावर येऊन बसते, तेव्हाच कळतं.)

*

शेवटची सकाळ.

ती जागी झाली ती शांततेत. पायाखालची घरघर थांबली होती. छतावर उजेड होता, पण लाटा नव्हत्या. गॅलरीच्या काचेतून धक्का दिसत होता, आणि त्यावरच्या लोखंडी खुंटाला गुंडाळलेला, मांडीएवढा जाड दोर. बोट संध्याकाळीच बंदराला लागली होती. रात्रभर ती अशीच बांधलेली होती, तसूभरही न हलता.

पलंग जोडलेले होते.

तो जागा होता. तोही त्या दोराकडेच बघत होता. रोजचं वाक्य आज चालण्यासारखं नव्हतं.

दार वाजलं. बाहेरून कप्तानचा आवाज आला, "चला, सगळे खोळंबलेत. काय सांगायचंय ते सांगा एकदाचं. आईला घास उतरत नाहीये."

"आलोच," तो म्हणाला. पण उठला नाही.

तिला तिच्या पलंगाचं ठाऊक होतं. रोज रात्री त्याचा श्वास संथ झाला की ती आपला पलंग ढकलत होती, मध्यापर्यंतच. सगळी वाट ओलांडायचा धीर झाला नव्हता. राहिलेलं समुद्र करतो, असं ती धरून चालली होती.

ती पलंगावरून खाली वाकली. गालिच्याची लव दबून चाकांच्या खुणा उमटल्या होत्या. एक माग तिच्या भिंतीपासून निघालेला, एक त्याच्या. नजरेने मोजले तरी दोन्ही सारखेच लांब होते.